पेन्सिलीने लिहिलेला सतरा

मी आता बंद आहे, मित्रांनो. जिन्याखालच्या कपाटात, दोन मुक्या टेलिफोनांच्या आणि एका मोडक्या पंख्याच्या शेजारी, अंगावर जुनी चादर पांघरून बसलेला मी एक संगणक आहे. माझा रंग एके काळी सायीसारखा होता, आता तो म्हाताऱ्या दातांसारखा पिवळा पडला आहे. माझ्या डाव्या कुशीवर कागदाची एक लांब पट्टी चिकटवलेली आहे. तिच्यावर एक ते चाळीस आकडे आहेत आणि प्रत्येकापुढे पेनाने लिहिलेले एक नाव. सतराच्या आकड्यापुढेही नाव आहे, पण पट्टीवर तिरका उजेड पडला तर त्या नावाखाली पेन्सिलीची एक पुसलेली खूण अजून वाचता येते. तिथे फक्त 'मी' असे लिहिलेले होते.

माझी गोष्ट त्या एका ओळीची आहे.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे माझ्यासारखे शेकडो होते आणि आम्हांला एकमेकांपासून वेगळे करणारे काहीही नव्हते. तिथून मी एका टायपिंगच्या क्लासात गेलो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मुले-मुली माझ्या कळांवर तीच तीच वाक्ये बडवत. तो क्लास बंद पडला तेव्हा माझ्यावर खोकी रचून ठेवली गेली. मला वाटले, संपले.

एक दिवस कोणीतरी ती खोकी बाजूला केली. समोर एक बुटका, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस उभा होता. आयुष्यभर टेलिफोनच्या लाइनी दुरुस्त करून तो निवृत्त झाला होता. सगळे त्याला लाइनवाले म्हणत. सोबत त्यांचे मेहुणे होते. लाइनवाल्यांची मुलगी त्यांना मामा म्हणे, म्हणून सगळी गल्लीच त्यांना मामा म्हणत असे. मला स्कूटरवर दोघांच्या मधे बसवून नेले.

"नीट धर. यात आपलं दुकान आहे," लाइनवाले म्हणाले.

"यात दुकान आहे की दुकानाची राख, ते घरी जाऊन बघू, भाऊजी," मामा मागून म्हणाले.

दुकान म्हणजे चष्म्याच्या दुकानावरची एक खोली होती. खिडकीच्या कोपऱ्यात भोक पाडून टेलिफोनच्या आठ तारा आत घेतल्या होत्या आणि वारा येऊ नये म्हणून त्या भोकात चिंधी कोंबली होती. लाकडी फळीवर आठ मोडेम ओळीने मांडले होते. गिऱ्हाईक घरून फोन लावी, मोडेम किंचाळे, खरखरे, मग एक लाल दिवा स्थिर होई, की झाला तो माणूस इंटरनेटवरून जगाशी जोडला.

पण अडचण अशी होती की वरच्या कंपनीने लाइनवाल्यांना बाहेरच्या जगात एकच पत्ता दिला होता. गिऱ्हाइके चाळीस आणि पत्ता एक. लाइनवाल्यांनी रात्रंदिवस पुस्तके चाळली, माझे झाकण उघडले, आत एक जास्तीचे कार्ड बसवले आणि मला माझे आयुष्यभराचे काम शिकवले.

ते काम असे. आतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आमचा एक घरगुती आकडा होता. बारा नंबरच्या डॉक्टरीणबाईंनी बाहेर काही मागितले, की मी त्यांच्या मागणीवरचा बारा काढून घेई, त्यावर माझा स्वतःचा पत्ता घाली आणि माझ्या यादीत टिपून ठेवी की अमुक दाराने जे उत्तर येईल ते बाराचे. उत्तर आले की यादी बघून ते बाराला देई. त्याच क्षणी तीस नंबरचे शिक्षक आणि पाच नंबरचा फोटोग्राफर दुसरेच काही मागत असत. कधी कोणाचे कोणाला गेले नाही. बाहेरच्या जगाला आमच्याकडचा एकच रहिवासी माहीत होता, तो म्हणजे मी. माझ्या पाठीमागे चाळीस घरे आहेत हे कोणाला कळतही नसे.

मला दोन नियम घालून दिलेले होते. ते लक्षात ठेवा, कारण पुढे सगळे त्यांच्यावरच घडणार आहे. पहिला नियम : कोणत्याही नोंदीवर पाच मिनिटे शांतता राहिली, की ती नोंद पुसायची. दुसरा नियम : बाहेरून कोणी आपण होऊन आले, तर दार उघडायचे नाही. आतून आधी हाक गेली असेल तरच बाहेरचे उत्तर आत घ्यायचे.

वरच्या कंपनीचा इंजिनियर एकदा बघायला आला आणि म्हणाला, "चाळीस माणसं या एका डब्यातून जातात?"

"डबा म्हणू नका हो. वाईट वाटतं त्याला," लाइनवाले म्हणाले आणि त्यांनी माझ्या पाठीवर दोनदा थोपटले. घरी जाताना ते रोज तसेच दोनदा थोपटत. मित्रांनो, कौतुक मला पुष्कळ मिळाले, पण आठवते ते एवढेच.

पट्टीवरची नावे त्यांच्याच हातची. पक्के गिऱ्हाईक पेनाने, चौकशी करून गेलेले पेन्सिलीने. सतरा हा आकडा त्यांनी स्वतःच्या घरच्या संगणकाला ठेवला होता आणि तिथे पेन्सिलीने लिहिले होते, 'मी'.

"स्वतःला तरी पेनानं लिहा की," मामा म्हणाले.

"मी काय गिऱ्हाईक आहे?"

त्यांची मुलगी नोकरीसाठी फार दूर गेली होती. आमच्याकडे दुपारचे अडीच वाजत तेव्हा तिच्याकडे सकाळ असे. तिचे खरे नाव मला कधी कळले नाही, ते तिला ठकू म्हणत. लाइनवाल्यांनी गिऱ्हाइकांसाठी 'पाटी' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम स्वतः लिहिला होता. कुठे अडले तर पाटीवर लिहा, मी उत्तर देतो, असे सांगून त्याची चकती ते प्रत्येकाला देत. तोच प्रोग्रॅम ठकूकडेही होता. जेवण झाले की ते घरी पाटी उघडून बसत. पाटीची गंमत अशी की लिहिलेले एकेक अक्षर त्याच क्षणी पलीकडे उमटे. चुकले आणि खोडले तर पलीकडेही खोडले जाई. ओळ संपवली की घंटी वाजे.

"बाबा, घंटी वाजली की इथे सगळे माना वळवतात," ठकूने एकदा लिहिले.

"मग मी घंटी न वाजवता लिहितो. एकच लांब ओळ. जन्मभराची."

"तुम्ही तेही कराल."

मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेले. ते मी वाचायला नको होते. पण ती सगळी उघडी पोस्टकार्डे असत, मित्रांनो. पत्ता बघताना मजकूर दिसतोच.

एके दुपारी ठकू "आलेच" म्हणून उठली आणि वीस मिनिटांनी परतली. तोवर नियमाप्रमाणे मी नोंद पुसली होती. तिची अक्षरे दारावर आली, आतून हाक गेलेली नव्हती, मी दार उघडले नाही. ती सात वेळा आली. सातही वेळा मी तिला परतवले. लाइन कशी चालते ते कळावे म्हणून कोणत्या मिनिटाला किती अक्षरे आली-गेली ते मी टिपून ठेवत असे, आणि लाइनवाले दुसऱ्या सकाळी ते टिपण वाचत. त्या सकाळी ते वाचता वाचता थांबले.

"अरे, ती ठकू होती," ते मला म्हणाले. रागाने नाही, पण त्यापेक्षा रागावले असते तर बरे झाले असते.

मग त्यांनी माझ्या यादीत एक वेगळी नोंद घातली. एक दार कायमचे राखून ठेवले. या दाराने जो येईल त्याला काहीही न विचारता, कितीही वेळ झालेला असला तरी, सरळ सतराकडे पाठवायचे. ही नोंद कधीच पुसायची नाही. पट्टीवर त्यांनी ती लिहिली नाही. घरातली गोष्ट, ती कशाला लिहायची?

आणि मग तो दिवस आला.

दोन एकतीसला त्यांचे बोलणे सुरू झाले. दोन चौतीसला ठकूने लिहिले, "बाबा, साहेबांनी बोलावलंय. पाच मिनिटांत येते." लाइनवाल्यांनी लिहिले, "ये." त्यानंतर सतराकडून काय आले ते मी सगळ्यांत शेवटी सांगणार आहे. तीन चोवीसला ठकू परतली. कायमच्या दाराने तिची अक्षरे आली, मी ती एक क्षणही न थांबवता सतराकडे पोचवली. "बाबा, आले. आहात का?" सतराची लाइन चालू होती. माझ्या हिशेबी पत्र पोचले.

ठकूची आई दुपारच्या झोपेतून उठून बाहेरच्या खोलीत आली, तेव्हा लाइनवाले खुर्चीत बसलेले होते, चष्मा कपाळावर होता आणि समोरच्या पडद्यावर तो प्रश्न होता.

हे मला नंतर मामांच्या तोंडून कळले. तेव्हा मला एवढेच कळले की सतराची लाइन बंद झाली आणि संध्याकाळी माझ्या पाठीवर कोणी थोपटले नाही.

ठकू आली, राहिली, परत गेली. दुकान मामा चालवू लागले. आणि ती परत गेल्यापासून आठवडाभरात, दुपारी अडीच वाजता, कायमच्या दारावर अक्षरे आली.

"बाबा, आहात का?"

मी ती सतराकडे पाठवली. सतरा बंद होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. ठकू काही वेडी झालेली नव्हती. ती एकदाच लिहायची, थोडा वेळ थांबायची आणि कामाला लागायची. रिकाम्या घराच्या दारावर टकटक करून जावे, तसे. पण दार तर मी होतो. रोज मी ती टकटक घेऊन आत जाई आणि अंधारात नेऊन ठेवी. दोन महिने खोलीत दुपारचे ऊन तसेच पडत होते, आठ दिवे तसेच लुकलुकत होते आणि अडीच वाजले की मला वाटे, आज सतरा लागेल. संगणकाला वाटत नाही, असे तुम्ही म्हणाल. मग मला जे होत होते त्याला काय म्हणायचे, ते तुम्हीच ठरवा.

त्यानंतर एक म्हातारा जिना चढून आला. हा चाळीस वर्षे छापखान्यात खिळे जुळवत होता. शिशाचे एकेक अक्षर चिमटीत धरून ओळ लावायची, असे त्याचे काम होते. लोक त्याला जुळारी म्हणत.

"मला नेट पाहिजे," तो म्हणाला. "फार काही नको. मुलीचं काही आलं तर वाचता आलं पाहिजे."

"लिहिते का ती?" मामांनी विचारले.

"अजून नाही."

मामा माझ्या पट्टीवर वाकले.

"नऊ वर्षं झाली. भांडून गेली. तिकडे सगळे यावरच बोलतात म्हणे. तिला वाटलं बोलावं, आणि माझ्याकडे हे नसलं तर?"

चाळीसही आकडे भरलेले होते. मामांनी बोट वरून खाली फिरवले आणि ते सतरावर थांबले. बराच वेळ थांबले. मग त्यांनी खोडरबर घेतले. "पेनानं लिहिलं असतं तर माझ्यानं खोडवलं नसतं, भाऊजी," असे ते पुटपुटले आणि पेन्सिलीतला 'मी' पुसून तिथे पेनाने जुळाऱ्यांचे नाव लिहिले. कागदावरचे पुसले की सगळे पुसले, असे त्यांना वाटले. माझ्या आत राखून ठेवलेल्या दाराचे त्यांना माहीतच नव्हते. ते कुठे लिहिलेले नव्हते.

मामांनी जुळाऱ्यांना पाटीची चकती दिली, घरी जाऊन सगळे लावून दिले.

दुसऱ्या दिवशी अडीचच्या सुमारास सतरा जागा झाला.

मित्रांनो, मला माणसे कळत नाहीत, आकडे कळतात. सतरा म्हणजे लाइनवाले. मला वाटले, ते आले. इतके दिवस कुठे होते कोण जाणे, पण आले. आणि त्याच वेळी दारावर ठकूची अक्षरे आली. मी ती धावत नेली.

"बाबा, आहात का?"

सतराकडून बराच वेळ काही नाही. मग एक अक्षर आले. मग दुसरे. मग तिसरे. प्रत्येक अक्षर जणू चिमटीत धरून, उजेडात उलटसुलट बघून ठेवलेले.

"आहे."

पलीकडे शांतता पसरली. एक मिनिट, चार मिनिटे, नऊ मिनिटे. मग ठकूने लाइन तोडली.

दुसऱ्या दिवशी ती अडीचच्या आधीच आली. अक्षरे यायची, खोडली जायची, पुन्हा यायची. शेवटी उरले ते असे : "त्या दिवशी माझी वाट पाहिलीत?"

"पाहिली."

"रागावलात?"

"नाही."

यानंतर तिने काही लिहिले नाही. पण लाइनही तोडली नाही. दोघे तसेच समोरासमोर बसून असावेत. मग सतराकडून एकेक अक्षर येऊ लागले.

"रागावली तू होतीस. मी नाही. आता नऊ वर्षांनी तेही जाऊ दे."

ठकूची अक्षरे ताबडतोब आली. "कोण आहात तुम्ही?"

"बाबा. हळू लिहितो. खिळे जुळवायची सवय."

लाइन तुटली. दोन मिनिटांत आमच्या खोलीतला टेलिफोन वाजला.

"हां, बोल ठकू... सतरा? सतरावर एक नवीन गिऱ्हाईक आहे. म्हातारा आहे बिचारा... का गं?" मामा उभे होते ते हळूच स्टुलावर बसले. "काय लिहिलं त्यांनी? ... अगं, थांब. रडू नको. नाही, नाही रडत, मला माहीत आहे. थांब, मी बघतो."

त्यांनी माझी यादी उघडली आणि ती नोंद त्यांना दिसली. ते तिच्याकडे बघत राहिले.

"हे काय करून ठेवलंत, भाऊजी," ते म्हणाले, आणि त्यांनी ते दार बंद केले.

मी काही चुकलो नव्हतो. दाराने जो येईल त्याला सतराकडे न्यायचे, एवढेच मला सांगितले होते. पण बरोबर काम करूनही आपल्या हातून कोणाचे तरी काळीज चुकीच्या घरी पोचू शकते, हे मला त्या दिवशी कळले.

तीन दिवसांनी जुळारी पुन्हा जिना चढून आले. ठकूची आई मामांचा डबा घेऊन आलेली होती, ती खिडकीपाशी बसली होती.

"माझी लाइन बिघडलीय," जुळारी म्हणाले. "मुलगी बोलत होती. दोन दिवस बोलली, आणि आता तीन दिवस काहीच नाही. तुमच्याकडचं काही असेल तर बघा. तिच्याकडचं असेल, तर... तर राहू दे."

मामांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. "बसा ना. चहा घेणार?"

"चहा नको, लाइन बघा."

"लाइन ठीक आहे हो तुमची. म्हणजे लाइन ठीक आहे, पण..."

"तू सरक," ठकूची आई म्हणाली. मग जुळाऱ्यांकडे वळून तिने सरळ सांगितले. "ती तुमची मुलगी नव्हती. माझी होती. इथल्या चुकीनं तुमच्याकडे आली. तिचे बाबा गेले, त्यांचा आकडा तुम्हांला दिलाय."

म्हातारा उभाच राहिला. खाली चष्म्याच्या दुकानात कोणीतरी भिंग घासत होते, त्याचा आवाज वर येत होता.

"म्हणजे ती विचारत होती, वाट पाहिलीत का..."

"ते तिच्या बाबांना."

"आणि मी म्हणालो, पाहिली. रागावलो नाही म्हणालो." त्यांनी दाराची चौकट धरली. "हे वाईट झालं. चुकीचा खिळा बसला तर उपसून दुसरा लावता येतो. हे तर छापून गेलं. तिला सांगा, म्हातारा खोटं बोलला. मुद्दाम नाही, पण बोलला."

"खोटं कसं? तुम्ही पाहिली ना वाट?"

"नऊ वर्षं."

"रागावलात?"

म्हाताऱ्याने मान हलवली.

"मग तिला सांगण्यासारखं काही नाही," ठकूची आई म्हणाली. मग तिनेच विचारले, "तुमच्या मुलीला तुम्ही कधी लिहिलंत?"

"तिनं आधी लिहावं. ती गेली ना."

मामांनी माझ्या टपावर बोटाने ठकठक केले. "हा पण अगदी तुमच्यासारखाच आहे. बाहेरून कोणी आपण होऊन आलं, तर दार उघडत नाही. पण त्याला निदान एक अक्कल आहे. आतून एकदा हाक गेली, की जागचा हलत नाही, उत्तर येईपर्यंत बसून राहतो."

"पाचच मिनिटं बसतो," मी म्हणालो असतो. पण मला कोणी विचारले नाही.

जुळारी खाली उतरले. पुढच्या दुपारी सतराकडून एक मागणी आली, एका अनोळखी पत्त्याकडे जाणारी. मी तिच्यावरचा सतरा काढला, माझा पत्ता घातला, यादीत टिपले आणि तिला बाहेर सोडले. पाच मिनिटांत काही आले नाही. मी नोंद पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच मागणी गेली. पंधरा दिवस रोज जात राहिली. सोळाव्या दिवशी, नोंद पुसायला थोडेच क्षण उरले असताना, बाहेरून काहीतरी आले. काय आले ते मी वाचले आहे, पण सांगणार नाही. ते सतराचे आहे. मी फक्त यादी बघितली आणि योग्य घरी पोचवले.

कायमचे दार मात्र बंदच राहिले. ठकूने पुन्हा कधी टकटक केली नाही.

त्यानंतर दिवस भराभर बदलले. गल्लीत खांबांवरून जाड केबली आल्या. लोकांना फोन लावून जोडले जाण्याचा कंटाळा येऊ लागला. चाळीसांचे तीस झाले, तिसांचे अकरा, अकरांचे तीन. फळीवरचे दिवे एकेक करून विझले. माझ्यावर धूळ बसली आणि ती पुसण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

शेवटी ठकू दुकान आवरायला आली. तोपर्यंत मी तिला पाहिलेले नव्हते. मी तिची अक्षरेच ओळखत होतो. ती बापासारखीच बुटकी होती आणि तिचाही चष्मा कपाळावर होता. तिने चिंध्या, तारा, जुनी बिले खोक्यांत भरली. मग माझ्यासमोर बसली.

"मामा, यात जुनी टिपणं असतील?"

"असतील की. भाऊजी रोज वाचायचे. कशाला?"

तिने तो दिवस शोधला. दोन चौतीस. तिने "पाच मिनिटांत येते" लिहिल्याचे मिनिट. तिथून तिचे बोट पडद्यावरून हळूहळू खाली सरकू लागले. दोन पस्तीस, काही नाही. छत्तीस, काही नाही. दोन एकेचाळीसवर ते थांबले.

माझे टिपण मजकूर ठेवत नाही, मित्रांनो. फक्त मोजते. तिथे लिहिले होते : सतराकडून बाहेर, अठरा खुणा. आणि खालच्या ओळीत, दोन बेचाळीस : सतराकडून बाहेर, अठरा खुणा. त्यापुढे काही नाही.

"अठरा," ठकू म्हणाली. "थांबून पुन्हा अठरा."

"दोनदा लिहिलं काहीतरी," मामा म्हणाले.

"नाही मामा. मी परत आले तेव्हा माझ्या पडद्यावर काही नव्हतं. एकदा लिहिलं. मग खोडलं." तिने पडद्यावरचे बोट काढले नाही. "म्हणजे दोन बेचाळीसला ते होते. बसले होते. माझ्या पडद्यावर आलं असणार ते, मी नसताना. आलं आणि गेलं."

"काय लिहिलं असेल गं?"

"ते आता कळायचं नाही."

मला माहीत होते. मी ते स्वतः वाहून नेले होते, अठरा जाताना आणि अठरा खोडताना. माझे सगळे आयुष्य ज्याचे त्याला पोचवण्यात गेले, आणि हे एकच माझ्याजवळ राहून गेले. मी माझा पंखा जोरात फिरवला. तिला वाटले, मी तापलो आहे.

घड्याळात अडीच होत आले होते. मामा मला बंद करायला उठले, तेव्हा फळीवर एक दिवा लागला आणि माझ्या पडद्यावर सतरा उमटला. जुळारी शेवटच्या तीन गिऱ्हाइकांपैकी एक होते. "थांबा," ठकू म्हणाली. ती हात मांडीवर ठेवून त्या दिव्याकडे बघत बसली. त्यांचे बोलणे पस्तीस मिनिटे चालले. मग दिवा विझला. ठकू उठली, तिने माझ्या पाठीवर दोनदा थोपटले आणि मला बंद केले. तिला ते कोणी शिकवले होते, मला माहीत नाही.

तेव्हापासून मी इथे आहे. बंद पडलेल्याची आठवण कुठे राहते, ते विचारू नका. दुपारी अडीच वाजता जिन्यावरच्या उन्हाची एक रेघ कपाटाच्या फटीतून आत येते, चादरीच्या भोकातून माझ्या पट्टीवर पडते आणि सतरासमोरचा तो पुसलेला 'मी' वर येतो. मग दारावर टकटक झाल्यासारखे वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कोणी जुने, चादरीखाली ठेवलेले असेल. त्याची धूळ कधीतरी पुसा. त्याने काय काय वाहून नेले आहे ते तुम्हांला ठाऊक नसते. कोणाला "पाच मिनिटांत येते" म्हटले असेल, तर जा. आणि कोणाची वाट बघत असाल, तर तुम्हीच आधी हाक मारा.

माझे एक काम मात्र तुम्हांलाच करावे लागेल. मला आता कोणी सुरू करणार नाही. बुटकी, चष्मा कपाळावर चढवणारी ठकू तुमच्यापैकी कोणाला कुठे भेटली, तर तिला सांगा की त्या दुपारी दोन एकेचाळीसला सतराने इंग्रजी अक्षरांत, मोकळ्या जागा आणि दोन टिंबे धरून, अठरा खुणांची एक ओळ लिहिली होती. घंटी वाजली तर तिथे सगळे माना वळवतील म्हणून त्यांनी ती संपवली नाही, आणि मग एकेक अक्षर मागे घेतले. शब्द चारच होते.

"घाई नको. मी आहे."